मुदतीप्रमाणे मोजमाप

अहिल्यानगर जिल्ह्याच्या महसुली दप्तरात खरिपाच्या एकाच पिकाचा आकडा तीनदा लिहिला जातो. सप्टेंबरअखेर गावोगावची नजर अंदाज पैसेवारी जाहीर होते, ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी निघते, आणि कापणी उरकून डिसेंबर उजाडला म्हणजे अंतिम पैसेवारीची वेळ येते. जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर अशा अवर्षणप्रवण तालुक्यांत हा आकडा ५० पैशांच्या वर राहिला की खाली उतरला यावर टंचाईच्या सवलती अवलंबून असल्यामुळे चावडीवर त्याविषयी जेवढा खल होतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाविषयी होत असेल. तीन आकडे परस्परांशी जुळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रारही नेहमीची, आणि पुष्कळदा रास्त. परंतु अंमलबजावणीतील उणिवा क्षणभर बाजूला ठेवून या पद्धतीच्या मुळाशी असलेला विचार पाहिला, तर तो कोणत्याही मोजणीशास्त्राला शोभेल असा आहे. पाण्याची आणि चाऱ्याची तजवीज करायची तर सप्टेंबरातच काही अदमास हवा, आणि तो नजरेनेच घ्यावा लागतो, कारण उभे पीक तोलता येत नाही. उलट कापणी-मळणी करून केलेली मोजणी भरवशाची खरी, पण पीक पिकण्यापूर्वी ती होणे नाही. म्हणून दप्तराने या दोहोंपैकी एकीची निवड न करता प्रत्येकीला तिची मुदत नेमून दिली आणि तिन्ही आकड्यांना वेगवेगळे रकाने दिले. त्यांची सरासरी काढण्याचा अव्यापारेषु व्यापार कोणी करीत नाही.

संगणकाच्या आज्ञावल्यांची गती मोजणाऱ्या मंडळींच्या मात्र हा साधा विवेक अंगवळणी पडायला बराच काळ लागला, आणि अजूनही तो सर्वत्र पडला आहे असे म्हणवत नाही. त्या व्यवसायात गतिमापनाच्या प्रमाणित चाचणीला बेंचमार्क म्हणतात: आज्ञावलीला ठरावीक काम द्यावयाचे आणि ते उरकण्यास तिला किती वेळ लागतो हे पाहावयाचे, किंवा वेळ ठरवून द्यावयाचा आणि तेवढ्यात ती किती काम उरकते हे मोजावयाचे. मोठ्या सॉफ्टवेअरच्या पदरी अशा शेकडो चाचण्या असतात. त्यांतील काही डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपतात, काही दहा-वीस मिनिटे घेतात, काही रात्रभर चालतात, आणि एखादी आठवडाभर चालू ठेवावी लागते. त्यांची वर्गवारी बहुधा विषयवार केलेली आढळते, म्हणजे माहितीसाठ्याच्या चाचण्या एका कप्प्यात, गणिताच्या दुसऱ्यात, चित्रांच्या तिसऱ्यात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की पहिली वर्गवारी मुदतीची असावी आणि विषयाची तिच्या पोटात. आणि हे मत केवळ सोयीकडे पाहून बनलेले नाही. चाचणी किती वेळ चालते यावरून तिला कोणत्या जातीचा दोष दिसेल हे जसे ठरते, तसेच तिच्या स्वतःच्या आकड्यात कोणत्या जातीची चूक शिरेल हेही ठरते.

अगदी आखूड मोजणीत कोणती चूक शिरते याचा निकाल पीककापणीच्याच क्षेत्रात एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने फार पूर्वी लावून ठेवला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९४० नंतरच्या दशकात कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहत असता पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज करण्यासाठी शेतातील किती मोठा तुकडा कापावा, हा वाद देशात चालू होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान, वर्तुळाकार तुकड्यांकडे होता. लहान तुकडा लवकर कापून होतो, तेवढ्याच खर्चात अधिक ठिकाणी जाता येते, हा त्यातील लाभ उघड होता. सुखात्मे यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की तुकडा फार लहान घेतला म्हणजे उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त दिसू लागते. कारण मोठे मनोज्ञ आहे. तुकड्याच्या सीमारेषेवर उभी असलेली रोपे आत धरावीत की बाहेर, याविषयी कापणाऱ्याच्या मनात संदेह असतो आणि त्याचा हात स्वभावतःच ती आत ओढतो. मोठ्या तुकड्यात ही चार-दोन रोपे कोठल्या कोठे विरून जातात, पण वर्तुळाची त्रिज्या जसजशी लहान व्हावी तसतसा क्षेत्रफळाच्या मानाने परीघ वाढत जात असल्यामुळे लहान तुकड्यात मोजणी पिकाची कमी आणि कडेची अधिक होते.

आता संगणकाकडे पाहा. सेकंदाला ३ अब्ज स्पंदने करणाऱ्या प्रोसेसरचे एक स्पंदन सेकंदाच्या अब्जांशाचाही सुमारे एक-तृतीयांश भाग एवढे असते आणि दोन संख्यांची बेरीज तो एवढ्यात उरकतो. परंतु त्याच संगणकाला स्वतःचे घड्याळ पाहण्यास कितीतरी स्पंदने खर्ची घालावी लागतात. तेव्हा एका बेरजेच्या आधी आणि नंतर घड्याळ पाहून जो आकडा निघेल तो बेरजेचा नसून घड्याळ पाहण्याच्या खटाटोपाचा असेल. यावर उपाय म्हणून तीच बेरीज लक्षावधी वेळा करून एकूण वेळेला तितक्याने भागतात. गो या भाषेबरोबर मिळणारे मोजणीचे साधन तर आवर्तनांची संख्या आपोआप वाढवीत नेते आणि एकूण काल, निराळे काही सांगितले नसेल तर, सुमारे एक सेकंद भरेपर्यंत थांबत नाही. एवढ्याने कडेची घड्याळी चूक विरते, पण दुसरी जन्मास येते. तीच बेरीज पुनःपुन्हा होत आहे आणि तिचे उत्तर कोणीच वापरीत नाही, हे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या चाणाक्ष कंपायलरच्या ध्यानात आले की तो ते काम सरळ गाळून टाकतो आणि मोजणाऱ्यास आपली आज्ञावली शून्य वेळात धावल्याचा साक्षात्कार होतो! शिवाय एवढीशी चाचणी प्रोसेसरच्या जवळच्या, अतिवेगवान स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, सगळीच्या सगळी मावते. खऱ्या कामात माहिती दूरच्या स्मृतीतून आणण्याचा जो हेलपाटा पडतो तो तिला पडतच नाही. रायनहोल्ड वायकर यांनी १९८४ मध्ये रचलेल्या ड्राइस्टोन नावाच्या प्रख्यात चाचणीची पुढे हीच गत झाली, आणि तिचे आकडे वाढविण्यासाठी कंपायलरमध्ये खास युक्त्या योजल्या जाऊ लागल्या. येथेही चुकीची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे: लहान तुकड्याप्रमाणेच लहान चाचणीही बहुधा मालकाला खूश करणाऱ्या बाजूस चुकते.

एवढे असूनही आखूड चाचण्या टाकून देण्याजोग्या नाहीत, कारण त्यांच्याजवळ असा एक गुण आहे जो लांब चाचण्यांना कधीही परवडणार नाही. समजा, संगणकावरील इतर गडबडीमुळे प्रत्येक मोजणीत ५ टक्क्यांची चलबिचल होते आणि आपणांस १ टक्क्याचा फरक ओळखावयाचा आहे. सरासरीतील अनिश्चितता मोजण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. तेव्हा १०० मोजण्या केल्या म्हणजे ५ चे अर्ध्या टक्क्यावर येते आणि १ टक्क्याचा फरक गडबडीतून वर डोके काढू लागतो. एका सेकंदाच्या चाचणीची १०० आवर्तने दोन मिनिटांच्या आत होतात. एका तासाच्या चाचणीची करावयाची तर चार दिवस आणि वर चार तास लागतात. म्हणजे आखूड चाचणीची दृष्टी तीक्ष्ण, पण पल्ला तोकडा. लांब चाचणीचा पल्ला मोठा, पण बारीक अक्षर तिला वाचता येत नाही.

मिनिटांच्या मुदतीत शिरले की निराळे जग सुरू होते. संगमनेर-राहुरीकडच्या एखाद्या दूध संकलन केंद्रावर चालणारी आज्ञावली डोळ्यांपुढे आणू. कॅन काट्यावर चढतो, वजन, फॅट आणि एसएनएफ यांचे आकडे यंत्राकडून येतात, दरपत्रकातून भाव काढला जातो आणि चिठ्ठी छापून उत्पादकाच्या हाती पडते. दरपत्रकातून भाव काढण्याची क्रिया सूक्ष्म चाचणीने मोजता येईल आणि ती उत्तमच निघेल. पण केंद्राच्या चालकाला पडलेला प्रश्न तो नसतो. सकाळच्या दोन तासांत रांग का तुंबते हा त्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर संपूर्ण सकाळीइतके काम सलग करवून घेतल्याखेरीज मिळत नाही. जावासारख्या भाषांत तर आज्ञावलीचा आरंभीचा काल हा तिच्या खऱ्या गतीचा काल नसतोच: एखादा भाग वारंवार, जुन्या हॉटस्पॉट यंत्रणेत सुमारे १०,००० वेळा, वापरला गेल्यावरच त्याचे जलद यंत्रभाषेत रूपांतर होत असे, आणि तोवर तो मंदगतीने चाले. याला धंद्यात वॉर्म-अप म्हणतात. वॉर्म-अप संपला की गती स्थिर होते असे सर्वांनी गृहीत धरले होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते गृहीत पुष्कळ ठिकाणी खोटे ठरले, काही आज्ञावल्या कधीच स्थिर होत नाहीत आणि काही तर चालता चालता अधिक मंद होतात असे आढळले. त्यात उष्णतेची भर घाला. नगरच्या मे महिन्यात, पारा ४० च्या वर गेलेला असताना, पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला संगणक पहिल्या मिनिटाला जी गती दाखवितो ती पंधराव्या मिनिटास दाखवील याचा भरवसा नाही, कारण प्रोसेसर स्वतःचा बचाव करण्यासाठी आपली स्पंदने उतरवितो. वातानुकूलित कचेरीत केलेल्या दहा सेकंदांच्या चाचणीला यातले काहीच कळत नाही.

खरी नामुष्की होते ती दीर्घ मुदतीच्या दोषांनी. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैन्याच्या बराकीवर स्कड क्षेपणास्त्र पडून २८ सैनिक मृत्यू पावले. ते अडविण्यासाठी उभी असलेली पेट्रियट यंत्रणा नादुरुस्त नव्हती; ती सुमारे १०० तास सलग चालू होती, एवढेच तिचे दुर्दैव. तिचे अंतर्गत घड्याळ सेकंदाच्या दशांशांत वेळ मोजी, आणि एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्णपणे लिहिता येत नसल्यामुळे २४ अंकांच्या जागेत ती किंचित छाटली जाई. ती छाट नगण्य. पण १०० तासांत साचत साचत ती सेकंदाच्या एक-तृतीयांशाइतकी झाली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. ही यंत्रणा एका जागी थोडेच तास चालवून पुढे हलविण्याच्या कल्पनेने रचलेली होती, तेव्हा दिवसचे दिवस चालणारी चाचणी तिच्या वाट्याला आली नाही, यात रचनाकारांच्या दृष्टीने काही गैर नव्हते. दुरुस्त आज्ञावली तेथे पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

याच कुळातील दोन दाखले सुदैवाने रक्तरंजित नाहीत. विंडोज ९५ ही प्रणाली सलग ४९.७ दिवस चालू राहिली तर ठप्प होऊ शके, कारण सहस्रांश सेकंद मोजणारा तिचा ३२ अंकी गणक ४,२९,४९,६७,२९६ या संख्येला पोहोचून पुन्हा शून्यावर येई. तो दोष उघड होण्यास काही वर्षे लागली, आणि त्याचे कारण, थट्टा करणारे म्हणतात त्याप्रमाणे, ती प्रणाली तितके दिवस न अडखळता चालत असल्याचे सहसा कोणी पाहिलेच नव्हते. बोइंग ७८७ या विमानाच्या बाबतीत २०१५ मध्ये अमेरिकी विमानवाहतूक खात्याने काढलेल्या आदेशाचा विषय असा की वीजजनित्रांचे नियंत्रक २४८ दिवस अखंड चालू राहिले तर एकाच वेळी बंद पडू शकतील. सेकंदाच्या शतांशांनी मोजले तर २४८ दिवसांत ३१ द्विमान अंकांची मर्यादा संपते, हा हिशेब कोणालाही पडताळून पाहता येईल.

मग २४८ दिवसांचा बेंचमार्क ठेवावयाचा काय? असा प्रश्न करणाऱ्यास लिनक्सच्या कर्त्यांनी दिलेले उत्तर फार समर्पक आहे. तेथे स्पंदनांचा गणक शून्यापासून सुरूच करीत नाहीत. संगणक चालू होताच तो अशा संख्येवर ठेवतात की त्याचा ३२ अंकी फेरा अवघ्या पाच मिनिटांत पुरा व्हावा. जो दोष एरवी कित्येक दिवसांनी उगवला असता तो पहिल्या पाच मिनिटांतच दारात उभा राहतो. वाहनांच्या परीक्षणात ही विद्या जुनीच आहे. खुद्द नगरजवळ वाहननगर येथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची व्हीआरडीई ही संस्था आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाने ज्या संस्थांना नव्या वाहनाचा नमुना तपासून दाखला देण्याचा अधिकार दिला त्यांत तिचे नाव आहे. वाहनाची ब्रेकची कसोटी काही सेकंदांत संपते, टिकाऊपणाची हजारो किलोमीटर चालते, आणि एकीच्या निकालावरून दुसरीचा निकाल कोणी सांगत नाही. मात्र वाहनाचे सारे आयुष्य प्रत्यक्ष रस्त्यावर घालविण्याइतकी सवड नसल्यामुळे वाहन उद्योगात मुद्दाम ओबडधोबड केलेल्या फरसबंद परीक्षणमार्गांवर ते आयुष्य थोड्या अंतरात दाटून बसवितात. अशा दाटून बसविलेल्या चाचणीची मुदत कोणती धरावी, आखूड की दीर्घ? माझ्या मते तिला स्वतंत्र रकाना हवा, कारण झीज आणि साचणूक या गोष्टी दाटून बसविता येतात, पण उष्णता, धूळ आणि माणसांचा विसराळूपणा येत नाही.

महासंगणकांच्या क्षेत्रात प्रश्नाने उलटे रूप घेतले: तेथे चाचणी आखूड राहीना. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभारला तेव्हापासून महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध आहे. सी-डॅकचाच परम पद्म जून २००३ च्या जागतिक ५०० महासंगणकांच्या यादीत १७१ वा होता आणि पुण्यातीलच टाटा उद्योगसमूहाचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या यादीत थेट चौथा आला. ही यादी लिनपॅक या एकाच चाचणीवर लावली जाते. तीत अनेक अज्ञातांच्या समीकरणांचा प्रचंड संच सोडवावयाचा असतो, आणि संच जेवढा मोठा घ्यावा तेवढा महासंगणकाचा आकडा अधिक चांगला येतो. आता अज्ञातांची संख्या दुप्पट केली तर स्मृती चौपट लागते, पण गणिते आठपट होतात. साहजिकच यंत्रांची स्मृती वाढत गेली तशी चाचणीची मुदत गतीच्याही पुढे धावली, आणि जपानच्या के महासंगणकाने २०११ मध्ये पहिला क्रमांक पटकाविला तेव्हा त्याची ती एक धाव एका दिवसाहून अधिक काळ चालली होती. हजारो घटकांच्या यंत्रात तेवढ्या वेळात एखादा घटक निकामी होण्याचा संभव असतो आणि तसे झाले तर वीज आणि वेळ दोन्ही पाण्यात जातात. म्हणजे गती मोजावयास निघालेली चाचणी नकळत टिकाऊपणाचीही चाचणी होऊन बसते, आणि यादीतला एकच आकडा त्या दोहोंत भेद करू शकत नाही. जॉन गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास स्लॅलम नावाची चाचणी मांडली ती याच पेचावर: वेळ एक मिनिटच, यंत्र कोणतेही असो, आणि मोजावयाचे ते त्या मिनिटात किती मोठे गणित सुटले हे. ती मागे पडली, पण तिच्यातील विचार मला लिनपॅकहून अधिक प्रौढ वाटतो.

वर्गवारीच्या अंमलबजावणीविषयी फार लिहावयास नको. गूगलमध्ये जन्मलेल्या बाझेल या साधनात प्रत्येक चाचणीने आपली मुदत आगाऊ जाहीर करावयाची असते: आखूड म्हणजे १ मिनिट, मध्यम ५, लांब १५, आणि चिरंतन ६० मिनिटे. (नगरहून पुण्यास जाताना वाघोलीच्या कोंडीत सापडलेल्या प्रवाशाला एका तासाचे हे नाव मुळीच अतिशयोक्त वाटणार नाही.) मुदत उलटली की चाचणी नापास. यातले मर्म ‘आगाऊ’ यात आहे. बेंचमार्कचा निकाल हाच मुळी वेळ असतो. तेव्हा निकाल पाहून वर्ग ठरवावा असे म्हटले तर मंदावलेली आज्ञावली गुपचूप पुढच्या वर्गात जाऊन बसेल आणि तक्रारीस जागाच उरणार नाही. मुदत हा करार असला पाहिजे. त्यानंतर पाळी ठरविणे सोपे: आखूड चाचण्या प्रत्येक फेरफारानंतर, मध्यम रोज रात्री, लांब आठवड्याने किंवा नवी आवृत्ती देण्यापूर्वी, आणि एका वर्गाचे आकडे दुसऱ्या वर्गाच्या आकड्यांत कधीही मिसळावयाचे नाहीत.

मात्र हा करार कोणत्या यंत्राच्या भरवशावर केला हेही लिहून ठेवावे लागते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेच्या चाचण्यांचा संच दर काही वर्षांनी निवृत्त होतो, त्याचे एक कारण हेच. १९९५ चा संच बदलण्याची वेळ २००० साली आली तेव्हा त्यातील अनेक चाचण्या उत्तम यंत्रांवर एका मिनिटाच्या आत संपू लागल्या होत्या; म्हणजे लांब म्हणून नेमलेल्या चाचण्यांत न कळत आखूड चाचण्यांच्या चुका शिरल्या होत्या, आणि किरकोळ गडबडीनेही निकाल हलू लागला होता.

साखर कारखान्याच्या ऊस काट्यावरील आज्ञावली या दृष्टीने मासलेवाईक आहे. लोणीच्या प्रवरेच्या कारखान्यापासून या जिल्ह्यात सहकारी साखर कारखान्यांची जी परंपरा चालत आली, तीत गळीत हंगाम म्हणजे रात्रंदिवस चालणारी, काही महिन्यांची अखंड धाव. ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या वजनांची नोंद त्या काळात थांबून चालत नाही, आणि सभासदाच्या उसाचा पैसा त्या नोंदीवर असतो. एका गाडीच्या नोंदीची चाचणी क्षणाची, एका पाळीची काही तासांची, पंधरवड्याच्या बिलाची त्याहून निराळी. आणि संपूर्ण हंगामाची चाचणी बॉयलरच्या अग्निप्रदीपनापूर्वी पुरी झाली पाहिजे, म्हणजे ती दाटूनच बसवावी लागते. मागील हंगामाच्या नोंदी क्रमाने, पण अनेक पटींनी अधिक वेगाने, आज्ञावलीला भरवीत गेले म्हणजे स्मृती साचते काय, नोंदवही फुगल्यावर चिठ्ठी निघण्यास उशीर होतो काय, तारखांचा गणक वर्षअखेरीस चुकतो काय, हे काही दिवसांत कळते. निकालाच्या कागदावर मग तीन गोष्टी असाव्यात: किती दिवसांचे काम, किती तासांत, आणि कोणत्या यंत्रावर.